पहिला डेक निवडताना: हरल्यावर का हरलो ते कळायला हवं

ट्रेडिंग कार्ड गेममध्ये (कार्डं जमवून, त्यांचा स्वतःचा गठ्ठा म्हणजे डेक बांधून खेळायचा खेळ) नव्याने शिरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यात भारी डेक कोणता?" उत्तरं लगेच मिळतात, दहा जणांकडून दहा, आणि प्रत्येक जण आपापल्या परीने खरंच सांगत असतो. पण नवख्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. पहिल्या डेकने तुम्ही भरपूर हरणार आहात, मग तो कितीही भारी असो. त्यामुळे विचारायचं ते वेगळंच: हरल्यावर आपण नेमके कुठे चुकलो हे ज्यात माझं मला समजेल, असा डेक कोणता? हे माप हातात ठेवलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पायरी १: समोर कोण बसणार?

पहिली निवड खरं तर तुमच्या हातात नसते. ज्यांच्याशी नेहमी खेळणं होणार आहे ते मॅजिक: द गॅदरिंग खेळत असतील, तर वन पीस या दुसऱ्या कार्ड गेमची चित्रं तुम्हाला कितीही आवडोत, पहिला डेक मॅजिकचाच. नाहीतर तो डबीत पडून राहतो. त्या मंडळींना तीन गोष्टी विचारा: कोणता खेळ, कोणता फॉरमॅट (त्या खेळाचा कोणता नियमप्रकार), आणि स्पर्धेची तयारी चालू आहे की गप्पा मारत खेळणं.

फॉरमॅट हा शब्द नवख्यांच्या कानावरून निघून जातो आणि पैसे वाया जातात ते इथेच. मॅजिक हा एकच खेळ, पण स्टँडर्डमध्ये डेक किमान ६० कार्डांचा, एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं (बेसिक लँड सोडून; लँड म्हणजे बाकीची कार्डं खेळायला लागणारं माना नावाचं इंधन देणारी कार्डं), दोघांत सामना, प्रत्येकी २० लाइफ (शून्यावर आले की हरलात). कमांडरमध्ये बरोबर १०० कार्डं, बेसिक लँड वगळता प्रत्येक कार्ड एकदाच, सहसा चौघांचं टेबल, ४० लाइफ. एकासाठी बांधलेला डेक दुसऱ्यात चालत नाही. पोकेमॉनमध्येही हीच गफलत होते. फोनवरचा पोकेमॉन टीसीजी पॉकेट हा २० कार्डांचा, ३ पॉइंट्सचा आटोपशीर खेळ आहे. टेबलावरचा खेळ ६० कार्डांचा आणि ६ प्राइझ कार्डांचा (समोरचा पोकेमॉन बाद केला की उचलायची, सगळी उचलली की जिंकलात). पॉकेटमध्ये जमलेला डेक तसाच्या तसा कागदावर उतरत नाही.

"पहिला डेक कमांडरचाच घे" हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. लँड सोडले तरी साठेक वेगवेगळी कार्डं वाचायची, लक्षात ठेवायची, आणि त्यातलं एखादं पुन्हा हातात येईपर्यंत चार डाव उलटलेले असतात. शिवाय चौघांच्या टेबलावर आपण हरलो ते आपल्या चुकीमुळे की बाकीचे तिघे आपल्यावर तुटून पडल्यामुळे, हे जुन्या खेळाडूंनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. अर्थात तुमचा कंपू फक्त कमांडरच खेळत असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. तयार १०० कार्डांचा प्रीकॉन घ्या आणि सुरुवातीला त्यातलं एकही कार्ड न बदलता खेळा.

पायरी २: हा डेक किती दिवस चालणार?

काही फॉरमॅटमध्ये जुने सेट (एकत्र बाजारात आलेले कार्डांचे संच) ठराविक काळाने बाद होतात. याला रोटेशन म्हणतात. मॅजिकचं स्टँडर्ड असंच चालतं. पोकेमॉनच्या स्टँडर्डमध्ये तर कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छापलेलं एक बारीक अक्षर बघायचं, कोणती अक्षरं सध्या चालतात ते कंपनी जाहीर करते. बेसिक एनर्जीला (हल्ल्यांसाठी लागणारी साधी इंधनाची कार्डं) ही अट लागत नाही. यु-गि-ओमध्ये रोटेशन नाही, तिथे बंदी आणि मर्यादेची यादी असते आणि ती वेळोवेळी बदलते.

एखाद्या डेकची यादी (कोणती कार्डं, किती प्रती) आवडली की आधी तिची तारीख बघा, मग त्यातली महत्त्वाची कार्डं पुढच्या रोटेशनमध्ये जाणार आहेत का ते तपासा. एवढं केलं की ही पायरी संपली.

पायरी ३: डेकची चाल निवडा

इथे मात्र घाई करू नका.

जवळजवळ प्रत्येक खेळात डेकच्या ढोबळमानाने चार जाती सापडतात. अ‍ॅग्रो: पहिल्या टर्नपासून हल्ला, समोरच्याला सावरायला वेळ द्यायचा नाही. कंट्रोल: त्याचं प्रत्येक कार्ड निकामी करत डाव लांबवायचा आणि शेवटी एखाद्या मोठ्या कार्डावर जिंकायचं. कॉम्बो: ठरावीक दोन-तीन कार्डं जुळली की डाव संपला. आणि मधला मिडरेंज, जो वेगवान डेकसमोर सांभाळून खेळतो आणि संथ डेकसमोर स्वतः चढाई करतो.

पहिला डेक अ‍ॅग्रो किंवा सरळसोट मिडरेंज असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते एका डावावरून बघू.

समजा तुमच्याकडे मॅजिकचा एकरंगी लाल डेक आहे. वीस-एकवीस माउंटन (लाल रंगाचे लँड), बाकी बहुतेक कार्डं एक-दोन मानाची. पहिल्या हातात सात पानं आली: दोन माउंटन, एक मानाची दोन क्रीचर्स (हल्ला करणारे आणि अडवणारे प्राणी), दोन मानाचं एक क्रीचर, एक लाइटनिंग बोल्ट, आणि चार मानाचं एक महागडं कार्ड. हा हात ठेवायचा का? ठेवायचा. दोन लँडवर सातपैकी चार कार्डं खेळता येतात, म्हणजे पुढचा लँड उशिरा आला तरी पहिले दोन टर्न रिकामे जात नाहीत. उलट एकच माउंटन आणि सहा झकास कार्डं आली असती, तर ती कितीही मोहात पाडोत, हात परत करायचा (याला मुलिगन म्हणतात). मॅजिकमध्ये मुलिगन घेतला की पुन्हा सात पानं उचलायची आणि जितके मुलिगन घेतले तितकी पानं डेकच्या तळाशी ठेवायची.

आता डाव सुरू झाला. दुसऱ्या टर्नला समोरच्याने दोन ताकदीचं, दोन टफनेसचं (एवढं डॅमेज झालं की ते मरतं) क्रीचर उतरवलं. तुम्ही त्यावर लाइटनिंग बोल्ट टाकला. एक मानात ३ डॅमेज, क्रीचर गेलं, तुमचा हल्ला सुटला. पाचव्या टर्नला समोरचा ३ लाइफवर आहे, त्याच्यापुढे दोन मोठी क्रीचर्स उभी आहेत आणि तुमचा हात रिकामा. आणखी दोन टर्नांत तुम्ही हरलात.

तो बोल्ट राखून ठेवला असता तर डाव पाचव्या टर्नलाच संपला असता का? कदाचित. किंवा कदाचित तुमचाच निर्णय बरोबर होता, कारण त्या क्रीचरने दोनदा हल्ला अडवला असता तर समोरचा ३ लाइफपर्यंत आलाच नसता. उत्तर काहीही असो, प्रश्न एकच आहे, तो डोळ्यांसमोर आहे, आणि पुढच्या डावात उलट करून बघता येतो. अशा डेकमध्ये चूक सापडते ती अशी.

हेच कंट्रोल डेकमध्ये बघा. हातात काउंटरस्पेल (समोरच्याचं कार्ड रद्द करणारं कार्ड) आहे, समोरच्याने तिसऱ्या टर्नला काहीतरी खेळलं. अडवायचं की पुढच्यासाठी थांबायचं? हे ठरवायला त्याच्या डेकमध्ये पुढे काय दडलंय ते माहीत लागतं, आणि नवख्याला नेमकं तेच माहीत नसतं. चूक झाली तरी ती चौथ्या टर्नची होती की नवव्या, पत्ता लागत नाही. कॉम्बोत तर समोरच्याने मधेच खोडा घातला की पुढे काय, हे पाठ नसेल तर हात वर करावे लागतात.

जुने खेळाडू कधीकधी लाल डेकला बिनडोक म्हणून हिणवतात. शेवटच्या चार लाइफचा हिशेब हातातल्या दोन पानांत त्यांना बसवायला सांगा, मग बघा.

पायरी ४: रंग कमी, प्रती जास्त

नवख्याच्या स्वतः बांधलेल्या डेकमध्ये हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे आवडलेल्या प्रत्येक कार्डाची एकेक प्रत. आता आकडे बघा. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या ४ प्रती असतील तर पहिल्या सात पानांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. एकच प्रत असेल तर १२ टक्क्यांच्या आत. ज्या कार्डाभोवती डेक फिरतो ते दर दहा डावांत एकदाच सुरुवातीला दिसणार असेल, तर डेक त्याच्याभोवती फिरतच नाही. शिकण्याच्या दृष्टीनेही हेच बरं: तेच कार्ड वारंवार हातात आलं की ते कधी खेळायचं हे अंगवळणी पडतं.

याच कारणासाठी किमान आकड्यापेक्षा मोठा डेक करू नका. यु-गि-ओमध्ये मुख्य डेक ४० ते ६० कार्डांचा चालतो आणि एका कार्डाच्या जास्तीत जास्त ३ प्रती. ४० च्या डेकमध्ये त्या तिघांपैकी एक तरी पहिल्या पाच पानांत येण्याची शक्यता साधारण ३४ टक्के, ६० च्या डेकमध्ये तीच २३ टक्क्यांवर येते. वीस कार्डं वाढवून तुम्ही स्वतःचीच चांगली कार्डं लपवून ठेवता.

मॅजिकमध्ये रंग एक किंवा दोन, बस. तिसरा रंग आला की हातात कार्ड आहे, लँडही आहेत, पण हव्या त्या रंगाचा नाही, अशी पंचाईत सुरू होते आणि ती सोडवणारे लँड सहसा डेकमधला सर्वात महाग भाग असतात. लँडचा आकडाही अंदाजपंचे ठरवू नका. ६० मध्ये २४ लँड असतील आणि तुम्ही पहिले खेळत असाल, तर चौथ्या टर्नपर्यंत १० कार्डं बघून होतात, त्यात सरासरी ४ लँड. म्हणजे चौथ्या टर्नला चार मानाचं कार्ड खेळायचं असेल तर २४ हा आकडा बरोबर बसतो. सगळं एक-दोन मानात आटपणार असेल तर २० ते २२ पुरतात.

पोकेमॉनमध्ये हीच गोष्ट बेसिक पोकेमॉनची (जे हातातून थेट मैदानात उतरवता येतात ते). पहिल्या सात पानांत एकही बेसिक नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावा लागतो, आणि त्याबद्दल समोरच्याला एक जादा कार्ड घेता येतं. डेकमध्ये १० बेसिक असतील तर हे साधारण २६ टक्के वेळा घडतं. फक्त ४ असतील तर ६० टक्के वेळा.

खेळाप्रमाणे काय बदलतं

पोकेमॉनमध्ये पहिला डेक एकाच मुख्य हल्लेखोराभोवती घ्या, आणि ६० पैकी निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, ट्रेनर कार्डं (पोकेमॉनही नाहीत, एनर्जीही नाहीत, अशी मदतीची कार्डं) दिसली तर दचकू नका. अल्ट्रा बॉल दोन कार्डं टाकायला लावून डेकमधला कोणताही पोकेमॉन हातात देतो, प्रोफेसर्स रिसर्च हातातली पानं टाकून सात नवी देतं. डेक धावतो तो यांच्यावर. मुलं नेमकी हीच कार्डं काढून त्या जागी आणखी पोकेमॉन भरतात. प्राइझचा हिशेब मात्र आधी करा. साधा पोकेमॉन बाद झाला तर समोरचा एक प्राइझ घेतो, ईएक्स (जास्त ताकदीचा प्रकार) असेल तर दोन, मेगा इव्होल्यूशन ईएक्स असेल तर तीन. म्हणजे तीन ईएक्स गेले की सहा प्राइझ गेले, डाव खलास. आपला डेक किती फटक्यांत हरतो हे खेळायला बसण्याआधी माहीत असावं.

यु-गि-ओत मानासारखं काहीच नाही. नॉर्मल समन (हातातला मॉन्स्टर नेहमीच्या पद्धतीने उतरवणं) टर्नला एकदा, पण स्पेशल समनला (कार्डांच्या परिणामाने वगैरे उतरवणं) तशी मर्यादा नाही, त्यामुळे पहिलाच टर्न लांबच लांब चालू शकतो. ज्याचा मुख्य क्रम चार-पाच पावलांत संपतो असाच डेक घ्या. तयार स्ट्रक्चर डेक आवडला तर त्याच्याच तीन पेट्या घेऊन त्यातून एक डेक बांधणं ही तिथली जुनी युक्ती आहे, कारण एका पेटीत बहुतेक कार्डांची एकेकच प्रत असते. अ‍ॅश ब्लॉसमसारखी हँड ट्रॅप कार्डं, जी समोरच्याच्या टर्नमध्ये थेट हातातून खेळता येतात, थोडी नंतर आणली तरी चालतील. ती कधी टाकायची हे कळायला आधी समोरच्याचे क्रम ओळखीचे व्हावे लागतात.

पूर्ण मोकळीक असेल, ओळखीचं कोणी कोणताच खेळ खेळत नसेल, तर मी नवख्याला वन पीस किंवा लॉरकानाकडे ढकलेन. वन पीसमध्ये १ लीडर (तुमचं मुख्य पात्र), ५० कार्डांचा डेक आणि १० डॉन कार्डांचा (मानासारखं इंधन) वेगळा गठ्ठा. दर टर्नला दोन डॉन मिळतातच, फक्त पहिल्या खेळाडूला पहिल्या टर्नला एक. लीडरचा रंगच डेकचा रंग ठरवतो, म्हणजे निवडीचा गोंधळही कमी. लॉरकानात जास्तीत जास्त दोन रंगांची इंक, आणि इंकवेलचं चिन्ह असलेलं कोणतंही कार्ड पालथं घालून इंक म्हणजे इंधन म्हणून वापरता येतं. दोन्हीकडे "लँडच आले नाहीत" ही सबब उरत नाही, त्यामुळे हार स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. शिकायला याहून चांगलं काय?

पायरी ५: तयार डेक, की यादी उतरवून?

दोन्ही चालतं. बूस्टर (कार्डांची बंद पाकिटं) फोडून डेक जमवणं तेवढं चालत नाही. बूस्टरमध्ये काय निघेल याची खात्री नसते, आणि तुम्हाला तर ठरावीक कार्डाच्या ठरावीक प्रती हव्या असतात. फोडण्याची हौस असेल तर जरूर फोडा, फक्त तो खर्च डेकच्या हिशेबात धरू नका. हवी ती कार्डं सुटी घ्यावीत.

तयार डेकमध्येही फरक असतो. काही निव्वळ नियम शिकवण्यापुरते असतात, काही थेट टेबलावर नेण्याजोगे. पोकेमॉनचे लीग बॅटल डेक दुसऱ्या प्रकारातले. ओळखायची खूण सोपी: पेटीच्या आत काय आहे ती यादी शोधा आणि मुख्य कार्डांच्या किती प्रती आहेत ते मोजा. सगळीकडे एकेक दिसली तर तो नमुना समजा.

दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उतरवण्यात कमीपणा मानू नका. पण मग आकड्यांसकट उतरवा. "हे कार्ड चारऐवजी दोन ठेवतो, तिथे माझं आवडतं घालतो" हे पहिल्याच दिवशी केलं की हरल्यावर दोष यादीचा की तुमच्या बदलाचा, हे कळायचा मार्ग बंद. स्पर्धा जिंकलेल्या यादीबाबत आणखी एक लक्षात घ्या: ती त्या दिवशी, त्या हॉलमध्ये जे डेक येतील असा अंदाज होता त्यांच्याविरुद्ध बांधलेली असते. तुमच्या टेबलावर ते डेक असतीलच असं नाही.

दोन याद्या सारख्याच पटत असतील तर ज्याची कार्डं पुढच्या डेकमध्येही कामी येतील तो घ्या. पोकेमॉनची ट्रेनर कार्डं, मॅजिकचे लँड, यु-गि-ओची हँड ट्रॅप्स एका डेकमधून दुसऱ्यात जातात. मुख्य हल्लेखोर सहसा जात नाही. तरीही पारडं झुकलं नाही तर चित्र आवडेल तो. आवड हे कारण चांगलंच आहे, फक्त शेवटचं.

पायरी ६: विकत घेण्याआधी खेळून बघा

खेळांच्या डिजिटल आवृत्त्या आहेत: मॅजिकला अरेना, पोकेमॉनला टीसीजी लाइव्ह, यु-गि-ओला मास्टर ड्युएल. त्या त्या खेळाचे नियम तिथे नीट पाळले जातात, फक्त उपलब्ध कार्डं आणि बंदीच्या याद्या कागदावरच्यापेक्षा वेगळ्या असू शकतात.

संगणक नको असेल तर कागदाच्या चिठ्ठ्यांवर कार्डांची नावं आणि मजकूर लिहून, कोणत्याही फालतू कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) सरकवा. याला प्रॉक्सी म्हणतात. ओळखीच्यांत आधी विचारून खेळायला हरकत नसते, अधिकृत स्पर्धेत चालत नाही. आणि समोर कोणी नसलं तरी एक काम होतंच: डेक पिसा, पहिला हात उचला, पहिले चार टर्न एकट्यानेच खेळा, मोडा, पुन्हा पिसा. वीसेक हात असे बघितले की कोणतं कार्ड नुसतं हातात कुजतंय ते दिसायला लागतं. कंटाळवाणं आहे, कबूल. पण वेळ कमी असेल तर बाकी काही करू नका, एवढं करा.

पायरी ७: पहिला बदल

डेक हातात आला, स्लीव्ह चढले (सगळे एकाच जातीचे हवेत, आणि चारदोन जादा असू द्या, फाटलेला स्लीव्ह म्हणजे खुणेचं पान), आता काही काळ काहीही बदलू नका. प्रत्येक डावानंतर एकच ओळ लिहा: डाव संपला तेव्हा हातात कोणतं कार्ड अडकून पडलं होतं? तेच नाव पुन:पुन्हा आलं तर ते कार्ड बदलायचं, आणि एका वेळी एकच. साइडबोर्डचं (डावांच्या मध्ये अदलाबदल करायच्या जादा कार्डांचं) नंतर बघता येईल.

एखादा डेक तुम्हाला सतत हरवत असेल तर त्याच्यावर तोडगा म्हणून लगेच नवी कार्डं आणू नका. त्याच्या मालकाला म्हणा, आज आपण डेक बदलून खेळू. त्याचा डेक हातात आला की त्याचे वाईट हात, त्याची अडचण, तो कोणत्या टर्नला उघडा पडतो, हे तुम्हाला आतून दिसतं. आणि तुमचा डेक त्याच्या हातात असताना तो काय करतो ते नीट बघा. तुम्ही कायम दुसऱ्या टर्नला खेळून टाकता ते कार्ड तो कुठपर्यंत राखून ठेवतो, ते मोजा.